बंद सनरूफमधली शीळ

आधीच सांगून टाकतो, मी गॅरेजवाला माणूस. आवाज आला म्हणजे कुठून तरी येतोच, आणि पाना लावला की जातोच... एवढीच माझी श्रद्धा. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

चिखलीला माझं छोटं गॅरेज. बाबा गेले त्या वर्षी शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं, बैलजोडी विकली आणि सेकंडहँड गाडी घेतली, सनरूफवाली. माय त्या गाडीत बसेना! दोन वर्षं एसटीनं फिरली. "तुया बाबाची जोडी इकून आणली थे. मले नाही बसाचं." फार मनाला लागायचं.

गेल्या महिन्यात खामगावच्या मावशीला नात झाली, तेव्हा कुठं माय कशीबशी तयार झाली. पण गाडी ऐंशीच्या वर गेली की सनरूफ शिट्टी मारायचं. माय पहिल्यांदा बसणार, कटकट नको. काचेच्या एकेका कडेला मास्किंग टेप लावून गाडी पळवून पाहिली. पुढची कड बंद केली की आवाज गायब. काच पुढून केसभर वर होती. रबर पुसलं, काच खाली बसवली, टेप काढून उंद्रीपर्यंत जाऊन आलो. एकदम चूप! तरी टेप परत लावून ठेवली, खात्रीला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. माय मागच्या सीटवर, तोंड खिडकीकडे. उंद्रीच्या पुढं रस्ता खराब, गाडी जेमतेम चाळीसवर... आणि शिट्टी आली.

पण ही वाऱ्याची नव्हती. लांब, हळू, मध्येच दम घेणारी. बैल पाणी पीत असताना त्यांच्याजवळ उभं राहून घालतात ना, ती शीळ. बाबांची. अंगावर सर्रकन काटा आला.

"थांबव," माय म्हणाली. "तुये बाबा पाणी पाजून राह्यले."

थांबवली. शीळही थांबली. बॉनेट उघडलं तर कूलंटची बाटली कोरडी, होजपाइपच्या क्लॅम्पखाली ओल. आणखी चार-पाच किलोमीटर गेलो असतो तर इंजिनच गेलं असतं. सनरूफच्या नादात मी मेकॅनिक असून पाणीच बघितलं नव्हतं!

क्लॅम्प आवळला, इंजिन थंड होऊ दिलं. मायनं प्यायला घेतलेल्या कॅनमधलं पाणी ओतायला लागलो, तर ती शेजारी येऊन उभी.

"मुक्यानं काऊन ओतून राह्यला? शीळ घाल ना!"

भर रस्त्यात मी शीळ घातली. मायनं बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवायची तसा. मग स्वतःहून पुढच्या सीटवर येऊन बसली. मला रडू आवरेना, आणि ती हसत होती.

नंतर टेप काढून, लावून, त्याच रस्त्यानं सहा वेळा गेलो. काहीच नाही. वाऱ्याची शिट्टी मी बंद केली होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. मग ती दुसरी कुठून आली, ते मला सांगता येत नाही.

माय मात्र आता रोज सकाळी अंगणातून विचारते, "गाडीले पाणी पाजलं का रे?"