बिननावाच्या बायकांच्या नोंदी

पुस्तक हातात आलं की त्या ते मागून उघडत. तुम्ही-आम्ही आधी मुखपृष्ठ पाहतो, लेखक कोण ते बघतो, फार तर अर्पणपत्रिका वाचतो. त्या मात्र पुस्तक टेबलावर पालथं ठेवायच्या, मागचा पुठ्ठा अलगद उचलायच्या आणि शेवटच्या दोन-चार पानांवर चष्मा टेकेल इतक्या वाकायच्या. अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांत त्या पानांवर जाहिराती असत. ‘आमच्या दुकानी पुढील ग्रंथही मिळतील’ अशा थाटाच्या. त्या पानांकडे कुणी पाहत नाही. म्हणूनच त्या पाहायच्या.

‘‘दुकानदार पुढच्या पानावर नाव लपवते,’’ त्या म्हणायच्या, ‘‘अन् मागच्या पानावर माल खपवायच्या नादात सांगून टाकते.’’

ऑकलंडमधल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात आमची ओळख झाली. दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं. मी पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, तिथल्याच हिल्सबरो भागात राहणारा. ग्रंथालयाचा जुना कॅटलॉग नव्या संगणक प्रणालीत हलवण्याचं कंत्राट आमच्या कंपनीला मिळालं होतं. त्या मूळच्या नागपूरच्या, तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे येऊन पंधराएक वर्षं झालेली, घर ओटाहुहूला. कुणा हौशी गृहस्थानं फार पूर्वी देणगी दिलेली जुनी पुस्तकं तळघरात होती. प्रत्येक पुस्तक काढून त्याची नोंद बरोबर आहे का हे तपासायचं काम त्यांना वर्षभरासाठी दिलं होतं.

पहिल्या दिवशी मी जिना उतरून गेलो तर त्या कुणाला तरी ‘‘किया ओरा’’ असा माओरी नमस्कार करत होत्या. माझं नाव ऐकताच वळून म्हणाल्या, ‘‘मराठी का? जय भीम!’’ मी ‘‘नमस्कार’’ म्हणालो. त्या हसल्या. माझ्या आवाजातला अर्ध्या क्षणाचा अडखळा त्यांना ऐकू आला होता आणि तो त्यांनी तिथेच सोडून दिला. ‘‘बसा भाऊ. काय करून राहिले तुम्ही आमच्या कॅटलॉगचं?’’

मी माझी अडचण सांगितली. नव्या प्रणालीत लेखकाची चौकट रिकामी ठेवता येत नव्हती आणि त्यांच्या पुस्तकांपैकी दीडएकशे नोंदींत ती रिकामी होती. शीर्षकपानावर लेखक म्हणून फक्त ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढंच. मी म्हटलं, ‘‘एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. सगळीकडे ‘अनामिक’ टाकून देईल. पाच मिनिटांचं काम आहे.’’

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘काहून? त्या अनामिक नव्हत्या ना. त्यांना नावं होती. आईबापानं ठेवलेली.’’

मग त्यांनी मला बसवून तो सगळा व्यवहार समजावला. त्या काळात पुस्तकविक्रेताच प्रकाशक. बाईनं हस्तलिखित पाठवायचं, त्यानं ठेवून घ्यायचं. बाईचं नाव छापणं तिच्या घरच्यांना शोभायचं नाही, कधी तिलाच भीती वाटायची, आणि कधी दुकानदारालाच वाटायचं की ‘एक स्त्री’ म्हटलं की लोक जास्त कुतूहलानं घेतील. छापखाना चालवणाऱ्या विधवाही होत्या. नवरा गेल्यावर यंत्र हाती आलेल्या. पण नवऱ्याचं नाव पाटीवरून उतरवायला त्या वर्षानुवर्षं धजावत नसत. ‘‘बाई खिळे जुळवून राहिली, शाईत हात काळे करून राहिली, अन् पाटी मेलेल्या माणसाची!’’ हे त्या इतक्या तळमळीनं सांगत की ती बाई पलीकडच्या डेअरीत दूध आणायला गेली आहे आणि आत्ता येईल, असं वाटावं.

त्यांना त्या दीडशे बायका शोधायच्या होत्या. एका पुस्तकाच्या मागच्या जाहिरातीवरून दुसरं, दुसऱ्याच्या प्रस्तावनेखालच्या आद्याक्षरांवरून तिसरं, असा माग काढत त्या जायच्या. नाव मिळालं की लेखकाच्या चौकटीत थेट लिहायची मात्र परवानगी नव्हती. मुख्य कॅटलॉगरनं मंजूर करायला हवं. तोवर त्या ते नोंदीच्या तळाशी, टिपांच्या चौकटीत लिहून ठेवत.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांच्या कामाचं जे झालं ते माझ्यामुळे झालं.

टिपांची ती चौकट वीस वर्षांच्या कचऱ्यानं भरलेली होती. ‘कपाट बदलले’, ‘पुठ्ठा फाटका’, ‘पुन्हा पाहणे’. मी आमच्या व्यवस्थापकाला विचारलं, ही हलवायची का? तो म्हणाला, उडव. मुदत जवळ आली होती. एका शुक्रवारी दुपारी मी ती चौकट सगळ्या नोंदींतून साफ केली आणि खुशीत घरी गेलो. शनिवार-रविवार समुद्रावर घालवला.

सोमवारी सकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. ‘‘भाऊ, टिपा दिसत नाहीत.’’

त्यांनी शोधलेली नावं त्याच चौकटीत होती हे मला आठवायला दोन सेकंद लागले. बॅकअप घेतला होता, पण साफसफाई झाल्यानंतरचा. त्याआधीचा अकरा महिन्यांपूर्वीचा. मी कीबोर्ड बडवत राहिलो, त्या शेजारी उभ्या होत्या.

‘‘सगळ्या?’’ त्यांनी विचारलं.

‘‘जवळजवळ सगळ्या.’’

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर सारखा करावा तसा अंगावरचा कार्डिगन सारखा केला आणि पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहत म्हणाल्या, ‘‘पुसायला पाच मिनिटं लागली असतील ना?’’

‘‘तेवढीही नाही, ताई.’’ मी त्यांना पहिल्यांदाच ताई म्हणालो.

‘‘हं.’’ त्या उठल्या. ‘‘वह्या आहेत माझ्याकडे. मराठीत आहेत. तुम्हाला वाचता येतीलच.’’

त्यांचं कंत्राट त्याच महिन्यात संपलं. पुढे त्यांना हेन्डरसनला एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. पण ग्रंथालयानं आम्हाला शनिवारी तळघरात बसू दिलं. त्या वहीतून वाचायच्या, मी टाइप करायचो. पाच-सहा महिने आमचे शनिवार असे गेले. माझी बायको पहिल्यांदा चिडली, मग एका शनिवारपासून डब्यात दोघांना पुरेल इतकी साबुदाण्याची खिचडी देऊ लागली. ताईंचा डबा वेगळा असायचा, झणझणीत. ‘‘घ्या, घ्या, पुण्याच्या माणसानं रडून पाहावं एकदा,’’ असं म्हणून त्या वाटी माझ्याकडे सरकवायच्या.

वही म्हणजे नुसत्या नोंदी नव्हत्या. ‘हिचा नवरा समुद्रावर. पुस्तक छापलं तेव्हा तो परतला की नाही कळत नाही.’ ‘हिनं प्रस्तावनेत चार वेळा माफी मागितली आहे. कशाबद्दल?’ ‘हिची भाषा तिखट. मला आवडली.’ मी विचारायचो, हेही टाइप करू का? त्या म्हणायच्या, ‘‘नको, कॅटलॉग आहे तो.’’ मग थांबून, ‘‘ते तिखटवालं टाका.’’

एका पुस्तकापाशी त्या नेहमी जास्त रेंगाळायच्या. दोन भागांतली कादंबरी, एका जहाजाच्या कप्तानाच्या मुलीची गोष्ट सांगणारी. कॅटलॉगमध्ये ती चक्क एका पुरुषाच्या नावावर होती. कारण एवढंच, की कुणीतरी कधीकाळी शीर्षकपानावर पेन्सिलीनं ते नाव लिहून ठेवलं होतं. ताईंना खात्री होती की तो नुसता विक्रेता होता. मी म्हटलं, ‘‘हे तर बिननावाचं नाही, मग याच्यामागे एवढं का?’’

तेव्हा त्यांनी आईचं सांगितलं. त्यांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती गाणी रचायची. दळताना, भांडी घासताना. बाबासाहेबांवरची, रमाईवरची. वस्तीत जयंतीला ती गाणी म्हटली जायची. एका वर्षी मामांनी त्यांची छोटी पुस्तिका छापून आणली, पिवळ्या कागदाची. ताई तेव्हा सातवीत. त्यांनी ती कौतुकानं आईला वाचून दाखवायला घेतली आणि मुखपृष्ठापाशीच अडल्या. कवी म्हणून नाव मामांचं.

‘‘मामा वाईट नव्हते हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांच्या मनातही आलं नसेल. छापखानेवाल्यानं विचारलं असेल, नाव काय टाकू, तर यांनी आपलं सांगितलं. मी आईला म्हटलं, तुझं नाव कुठंय? आई म्हणे, गाणं तर लोकं म्हणूनच रायले ना, नाव काय कामाचं? आईला फरक पडला नाही. मला पडला.’’

‘‘ती पुस्तिका आहे?’’

‘‘नाही. गाणी आहेत, दहा-बारा, डोक्यात.’’ आणि त्यांनी वहीचं पान उलटलं. ‘‘घ्या, पुढची नोंद.’’

त्या कादंबरीच्या लेखिकेचा छडा त्यांनी अखेर लावला. एका विधवेच्या छापखान्यातून निघालेल्या, मुलींना उपदेश करणाऱ्या एका कंटाळवाण्या पुस्तकाच्या मागच्या पानावर तिच्या कादंबरीची जाहिरात होती आणि खाली ‘याच लेखिकेची’ म्हणून आणखी एका पत्रसंग्रहाचं नाव. तो पत्रसंग्रह तिसऱ्या कपाटात निघाला. त्याच्या प्रस्तावनेखाली पूर्ण नाव होतं: हॅना वेक्सकूम.

ग्रंथालयाचे मुख्य कॅटलॉगर निवृत्तीला आलेले, उंच, दिवसाला दहा शब्द बोलणारे गृहस्थ. ताईंनी तिन्ही पुस्तकं त्यांच्यापुढे ओळीनं मांडली आणि एकेक पान उघडून दाखवलं. बोलताना त्यांचं इंग्रजी घाईला यायचं, तसं ते आलं. ते ऐकत राहिले. भिंग घेतलं, पेन्सिलीचं ते नाव पाहिलं, प्रस्तावना पाहिली, जाहिरात पाहिली. मग मान हलवून म्हणाले, ‘‘स्वीट अ‍ॅज.’’

ताई माझ्याकडे वळल्या. ‘एकदम ठीक’ या अर्थाचे हे इथले शब्द पंधरा वर्षं ऐकूनही त्या क्षणी त्यांचा विश्वास बसेना. ‘‘काय म्हणाले? हो म्हणाले का?’’

‘‘हो म्हणाले, ताई.’’

कॅटलॉगरसाहेबांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली, पुरुषाचं नाव खोडलं आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत नवं नाव टाइप केलं. स्पेलिंग एकदा चुकलं. ताईंनी पडद्यावर बोट ठेवून सुधारायला लावलं. नोंद जमा झाली तेव्हा त्या ‘‘थँक्यू’’ म्हणाल्या आणि घाईघाईनं जिन्याकडे गेल्या. मी मागे गेलो नाही. पुस्तकं जागेवर ठेवत बसलो.

त्यानंतर नोंदी भराभर मंजूर होऊ लागल्या. शंभराहून जास्त बायकांना आपापली नावं मिळाली. उरलेल्या हट्टी निघाल्या. मग माझी कंपनी बदलली, शनिवार विरळ झाले. फोनवर त्या विचारायच्या, ‘‘काय भाऊ, कुणाचं काय पुसून राहिले सध्या?’’ आणि स्वतःच हसायच्या. आजारी असल्याचं त्यांनी मला सांगितलं नाही. चष्म्याचं दुकान सोडलं तेव्हा म्हणाल्या, येण्याजाण्याचा कंटाळा आला.

त्या गेल्या त्या हिवाळ्यात आभाळ सतत गळत होतं. ओटाहुहूच्या एका हॉलमध्ये लोक जमले होते. त्रिशरण-पंचशील झालं. मला ते शब्द येत नव्हते. शेजारच्या आजोबांच्या मागोमाग मी पुटपुटत राहिलो. निघताना ताईंच्या यजमानांचे हात हातात घेऊन मी ‘‘जय भीम’’ म्हणालो. त्यांनी मान हलवली.

दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. विशीतली, इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना निम्मं इंग्रजी येतं. ‘‘काका, ममची एक नोटबुक आहे. तिनं तुमचं नाव लिहिलंय वर, इंग्लिशमध्ये. आत सगळं मराठी. आय कान्ट रीड इट.’’

आम्ही शनिवारी ग्रंथालयात भेटलो. शेवटची वही होती ती. शेवटच्या पाच-सहा पानांवरच्या नोंदी अजून संगणकात गेल्या नव्हत्या. मी वाचून, इंग्रजी करून सांगत होतो, ती टाइप करत होती. तिची बोटं फार वेगानं चालत होती. मधूनच ती म्हणायची, ‘‘वेट, ममने असं लिहिलंय? रिअली?’’ एका बाईबद्दल ताईंनी लिहिलं होतं, ‘हिला फार शहाणपण. माझ्या लेकीसारखी.’ ते मी वाचलं. ती टाइप करायची थांबली, नाक ओढलं आणि म्हणाली, ‘‘ओके. नेक्स्ट.’’

शेवटच्या नोंदीत अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. मी सावकाश वाचलं. ‘नाव मिळालं नाही. सगळं पाहून झालं. प्रस्तावनेत म्हणते की मूल पाळण्यात असताना लिहिलं, चुकांची क्षमा असावी. शोध चालू ठेवावा.’

‘‘शोध चालू…’’ ती टाइप करता करता इंग्रजी शब्द शोधू लागली.

‘‘कीप लुकिंग,’’ मी म्हणालो.

‘‘हे कोणाला सांगितलंय, काका?’’ तिनं हे पूर्ण मराठीत विचारलं.

ती नोंदीतला कपाटाचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून उठली. कपाटांच्या रांगेत तिला वेळ लागला, पण मी उठलो नाही. ती परतली तेव्हा तिच्या हातात तळहाताएवढं, तपकिरी चामड्याचं पुस्तक होतं. ते तिनं दिव्याखाली धरलं आणि माझ्याशेजारी बसून त्या बाईची प्रस्तावना मोठ्यानं वाचायला लागली. जुन्या स्पेलिंगांवर अडखळत, पुन्हा मागे जात, आपल्या किवी उच्चारांत. मी वही मिटली आणि ऐकत राहिलो.