आवाज बंद केलेला व्हिडिओ

शाळेच्या मुलांसाठी मी लातूरच्या घरी छोटे व्हिडिओ करते; आज विज्ञान, उद्या भूगोल. रस्त्याचा गोंगाट येऊ नये म्हणून काल खिडकीला तागाची पोती लावली. त्यांचा तो उबट, धुळकट वास नाकात गेला आणि मी थेट भोकरजवळच्या आमच्या शाळेत जाऊन बसले.

तिथंही प्रोजेक्टरचं भिंतीवरचं चित्र नीट दिसावं म्हणून खिडक्यांना खिचडीच्या तांदळाची पोती बांधलेली असत. विणीतून आलेले उन्हाचे ठिपके पोरांच्या डोक्यांवर हलत. त्या दिवशी भिंतीवर हरभऱ्याचं बी फुगत होतं, पण व्हिडिओतला माणूस इतकं पुस्तकी बोलत होता की आम्हाला काही कळेना. बाईंनी आवाजच बंद केला.

"सुमन, तुमच्या रानात हरभरा हाय ना? मग तूच सांग."

माझी आई देगलूरकडची. माझ्या बोलण्यात तेलुगू शब्द आले की पोरं हसायची, म्हणून मी वर्गात तोंडच उघडत नसे.

"बी पाणी पिऊन राहिलंय," मी कशीबशी म्हणाले. "आता फुटंल."

आणि भिंतीवर खरंच पांढरा कोंब फुटला. कुणीच हसलं नाही. मागून कुणीतरी विचारलं, "मंग पुढं?"

तेव्हा बाईंचा रागच आला होता. आज त्यांचे उपकार कसे फेडावेत, कळत नाही.

आता माईकसमोर बसते तेव्हा खोलीत कुणीच नसतं. तरी प्रत्येक वाक्यानंतर मी जराशी थांबते, मागच्या रांगेतून कुणीतरी "मंग पुढं?" म्हणेपर्यंत.