लिफ्ट बंद, ओव्हन चालू

मंडळी, आज काय झालं ते ऐका.

दुपारी नानकटाईसाठी ओव्हन तापत ठेवला आणि पार्सल घ्यायला खाली उतरले. मोबाईल ओट्यावरच राहिला. वर येताना आमच्या खारघरच्या बिल्डिंगची लिफ्ट मध्येच बंद पडली.

तेव्हा आठवलं. एरवी आमचा ओव्हन म्हणजे कपाटच. आतले प्लास्टिकचे डबे मी काढलेच नव्हते. घरात सासूबाई एकट्या.

मी दार बडवत होते. बाहेरून वॉचमन म्हणत होता, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, माणूस येतोय." मग लिफ्टमध्ये जळका वास यायला लागला.

सुटल्यावर धावत घर गाठलं. सगळीकडे धूर. सासूबाई बाल्कनीत खोकत उभ्या.

"आई, बंद का नाही केलात?" मी ओरडलेच.

"तूच म्हणाली होतीस ना, ओव्हनला हात लावू नका."

तुमच्या घरी ओव्हन बंद कसा करायचा, हे कोणाकोणाला माहीत आहे?