फोटोपुरती शाल
डांबरगोळ्यांचा वास आला की आजही माझं टाळकं सटकतं. बारावीनंतर आमच्या समाजाच्या ट्रस्टची गुणवंतांची शिष्यवृत्ती घ्यायला आई मला जनवाड्याहून बीदरला घेऊन गेली होती. स्टेजवर त्या वासाची एकच शाल होती. ती एकाच्या खांद्यावर घालायची, फोटो काढायचा आणि लगेच उतरवून पुढच्याला घालायची. माझ्या अंगावर शाल घालता घालता अध्यक्ष माईकवरूनच समोर बसलेल्या आईला म्हणाले, “अक्का, पोरीला कामून एवढं शिकवायलाव? लगीन करून टाका. हे पैसे एखाद्या पोराच्या कामाला येतील.” सगळं सभागृह हसलं. आई खालूनच कडाडली, “गुण माझ्या पोरीनं घेतलेत, अप्पा. तुमचं पोरगं नापास झालंय, त्याचंच लगीन करा की!” मग ती स्टेजवर चढली आणि मला शालीसकट ओढत घेऊन गेली. शिष्यवृत्ती अर्थातच आली नाही. मी कर्ज काढून इंजिनिअर झाले. शाल मात्र अजून आहे, माझ्या दारात, पायपुसणं म्हणून. परवा तेच अध्यक्ष ट्रस्टसाठी देणगी मागायला आले आणि चपला काढून तिच्यावर उभे राहिले. मी म्हणाले, “अप्पा, नीट पुसा.”