कोरड्या खोलीतली आत्या

बॅटरीच्या कारखान्यातल्या कोरड्या खोलीत सगळे तिला आत्याच म्हणत, अगदी साहेबसुद्धा. एकवीस वर्षं ती तिथे लिथियमचा पत्रा कापत होती. पत्रा चांदीसारखा, मऊ, आणि हवेतल्या ओलाव्याला भलताच हळवा. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाला आत्या दारातच नखशिखांत न्याहाळायची. ओले हात, घामेजलेलं कपाळ, काहीही खपायचं नाही. चुकणाऱ्याला आठ दिवस बाहेर, खोकी बांधायला. नियम तिनेच घालून दिलेला.

रोज सकाळी ती पत्र्याचा नखाएवढा तुकडा टेबलाच्या कोपऱ्यात ठेवी. तो लख्ख राहिला तर खोली कोरडी. भिंतीवरच्या मीटरपेक्षा तिचा भरवसा त्या तुकड्यावर.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच तुकडा काळवंडला. तिच्या हातातल्या पत्र्याच्या गुंडाळीची कडाही करडी पडली.

साहेब आले. "भट्टीत घालून सुकवता नाही येणार?"

"बॅटरीत भरायची भुकटी ओलावली असती तर तापवून पाणी उडवलं असतं. इथे पाण्याने धातूच खाल्लाय, साहेब. गेला कामातून."

साहेबांची नजर शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथल्या कापणाऱ्याला घाम फार, पाणीही तो घटाघटा प्यायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं रांजण. याआधी दोनदा त्याला बाहेर काढलं होतं. तिसऱ्यांदा म्हणजे कायमचं.

"अहो, आत्यांनीच सकाळी दारात माझं कपाळ टिपून पाहिलंय," रांजण म्हणाला. "आत्या, सांगा ना!"

आत्याचा हात टोपीकडे गेला. तिच्या मानेला गार लागत होतं. संध्याकाळी नातीच्या शाळेत जायचं म्हणून तिने सकाळी केस धुतले होते, आणि उशीर झाला तशी ओली वेणी टोपीत कोंबली होती. आत्याला तपासायला दारात कोण असणार?

"साहेब, जरा बाहेर चला. इथे टोपी काढता यायची नाही."

बाहेर तिने टोपी काढली. वेणी अजून ओलीच होती.

साहेब हसले. "अहो, तुमचं एवढं काय! एखाद्या वेळी होतं."

"त्याच्या वेळी नाही म्हणालात असं."

आत्या खोकी बांधायला बसली. दुपारी रांजण आतून काचेपाशी आला आणि नवा तुकडा तिला धरून दाखवू लागला. लख्ख होता. आत्याने मान डोलावली, मग आपल्या कपाळावरून बोट फिरवून त्याला खूण केली: पूस आधी.