टँकरवाला चिमण आणि वडपाड्याची टाकी

तलासरीत चिमण धोडीला लोक नावापेक्षा टँकरवरूनच जास्त ओळखत. होळी झाली की मालकाचा टँकर घेऊन तो वडपाड्याच्या चढाला लागायचा, तो थेट पावसाळा सुरू होईपर्यंत. हॉर्न ऐकला की बाया हंडे-कळश्या घेऊन धावत. धाकली नावाच्या म्हातारीचं घर पार टोकाला, तिथवर नळी पुरत नसे. मग चिमण स्वतःच दोन हंडे उचलून तिच्या ओटीवर ठेवून यायचा.

पाड्याच्या वर टेकाडावर नळपाणी योजनेची टाकी अर्धवट उभी होती. खांब झाले होते, वरचं भांडं राहिलं होतं. निधीचा पहिला हप्ता संपला, दुसरा येईना, तेव्हा ठेकेदाराने आपल्या फळ्या-सळया उचलल्या. खांबांच्या सावलीला बकऱ्या तेवढ्या बसत.

नाक्यावरच्या टपरीत कुणीतरी बोललं, "टाकी झाली तर चिमणने खायचं काय? त्यानेच घोडं अडवलं असणार." ते बोलणं पाड्यावर पोचायला वेळ लागला नाही. जमना मोठी फटकळ बाई. तिने हातातली नळी पिंपात सोडता सोडता विचारलं, "काय रे चिमण, खरं का हे?"

चिमणच्या ते जिव्हारी लागलं. "माझ्या आईच्या डोक्याला हंडा वाहून घट्टा पडलेला, जमनाबाई. मी कशाला टाकी अडवीन?"

जमना ओशाळली. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मग ने मला त्या पाणी योजनेच्या ऑफिसात. तुझी गाडी तरी तिथूनच जाते."

दुसऱ्या दिवशी टँकर रिकामा झाल्यावर ती केबिनमध्ये चढून बसली. ऑफिसात दिपक नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या आणि सरळ सांगितलं, "मंजुरी आहे, पाठपुरावाही चालू आहे. वरून हप्ता आला की काम लगेच सुरू."

तेव्हापासून चिमणला नवं वेडच लागलं. परतीच्या वाटेवर टँकर बाहेर उभा करायचा आणि दारातून नुसतं डोकावायचं. दिपक कामातून मान वर न काढता म्हणायचा, "आज नाही, चिमणभाऊ." मग दुसऱ्या फेरीला ते "आज नाही" चिमण पाड्यावर पोचवायचा.

मे महिन्यात एका दुपारी दिपकने मान वर काढली. तो हसत होता. "आला," म्हणाला.

चिमण चहाला थांबला नाही. टँकर वळवून त्याने वडपाड्याचा चढ गाठला तो हॉर्न वाजवतच. बाया होत्या तशा धावल्या. जमनाच्या हातांना पीठ, धाकली कुणाची तरी कळशी घेऊन आलेली. नळी काढली तर थेंब नाही.

"रिकामी गाडी घेऊन आलास? ऊन चढलं काय तुला?" जमना खेकसली.

"टाकीचे पैसे आले," चिमण म्हणाला.

मग धाकलीला असं हसू फुटलं की तिला तिथेच खाली बसावं लागलं. तिचं पाहून सगळाच पाडा हसत सुटला.

काम पुन्हा सुरू झालं. घरी बायको, रोशनी, एकदा हळूच म्हणाली, "पाणी नळाला आलं की आपलं काय?" चिमणलाही तोच घोर होता. पण टाकीचं भांडं रोज थोडं थोडं वर चढताना बघून त्याला बरं वाटायचं, हेही खोटं नव्हतं.

पुढच्या होळीच्या आधीच नळ सुटले. आधी नुसतीच हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी आलं, मग निवळ. पोरं भिजली, बकऱ्या भिजल्या, उद्घाटनाच्या कार्यक्रमासाठी इस्त्रीचे कपडे घालून आलेला दिपकही भिजला. धाकलीने ओटीजवळच्या नळातून पेला भरला आणि तो पहिला चिमणच्या हातात दिला. "लई वर्षं आणून पाजलंस. आता तू पी," म्हणाली.

त्या वर्षी जमनाने आणि आणखी चार घरांनी परसात मिरची आणि भेंडी लावली. माल निघू लागला तसा तो डहाणूच्या बाजारात न्यायला गाडी हवी झाली. टँकरच्या मालकाकडे एक पिकअप पडून होता. चिमणने तो भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी मागे भाजीच्या पाट्या, पुढे केबिनमध्ये रोशनी आणि जमना. दोघी एका दमात बोलत होत्या. डहाणू येईपर्यंत चिमणला एक शब्द बोलायची संधी मिळाली नाही, आणि त्याची त्याला काही तक्रार नव्हती.