पंगत उठेपर्यंत

परवा रविवारी बाबांना घेऊन बालाजी घाटाजवळच्या जुन्या मराठी खानावळीत गेले... आणि जेवायला बसायच्या आधीच माझं डोकं फिरलं.

खानावळ चार पिढ्यांची. काशीला आलेल्या आपल्या माणसांना घरचं जेवण मिळावं म्हणून मालकांच्या पणजोबांनी सुरू केली म्हणे. तेव्हापासून काही म्हणजे काही बदललेलं नाही. मेनू नाही, टेबल-खुर्च्या नाहीत. पाट, पत्रावळ, आणि रांग भरल्याशिवाय वाढायचं नाही हा हट्ट.

गेले ती बाबांसाठी. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात, इथे बँकेच्या क्वार्टरमध्ये. दोन घास खातात आणि ताटावरून उठतात... रागावून, रडून सगळं झालं होतं माझं.

रांग भरेपर्यंत ताटकळलो. मग एकदाचं वाढलं... आणि बाबा सवयीप्रमाणे दोन घासांत उठायला लागले. माझा जीव एवढासा झाला.

मालक वरणाचं भांडं घेऊन समोर उभे. "बसा हो. पंगत उठली नाही अजून. इथे पहले से असंच आहे, सगळे एकत्र उठतात."

मी वैतागून म्हणाले, त्यांना जेवण जात नाही, उठू द्या. "मग नुसते बसू द्या की," म्हणून मालक पुढे सरकले. काय माणूस आहे...

बाबांच्या शेजारी एक वयस्क शास्त्रीबुवा होते. इतकं सावकाश जेवणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. एक घास, मग खानावळीची एक जुनी हकिकत, मग पुन्हा घास. त्यांचे आजोबा शिकायला काशीत आले तेव्हा इथेच जेवायचे, वरणाची चव अजून तीच आहे, वगैरे वगैरे. मी मनातल्या मनात चरफडत होते.

बाबांना मात्र उठायची सोयच नव्हती. ऐकता ऐकता त्यांनी भात कालवला. एक घास घेतला, मग आणखी एक. नजर लागेल म्हणून मी तिकडे बघायचं टाळलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "वरण वाढा जरा."

शास्त्रीबुवांचंसुद्धा जेवण आटोपलं. सगळी रांग हात वाळवत बसली होती आणि बाबांचा ताकभात चालला होता... कोणीही घाई केली नाही. मला रडू आवरेना.

तो नियम मला अजूनही पटलेला नाही. मालकांचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही.

घाईत असाल तर तिथे अजिबात जाऊ नका. पण घरात कोणी जेवत नसेल, तर घेऊन जा.